तीन रंगांतला धुरकरी

व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारली की अडलेला गेम चालू होतो, हे महाराष्ट्रातल्या एकूण एक पोरांना कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. शिकवणारा भेटला तर त्याला गोंडपिपरीच्या माझ्या दुकानात बसवून आठवडाभर कॅसेटी साफ करायला लावीन म्हणते. फुंकरीबरोबर थुंकी जाते, थुंकीनं आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात आणि मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "बाई, तुमचा मालच खराब." माझी निम्मी हयात लोकांची थुंकी पुसण्यात गेली. उरलेली निम्मी कशात गेली ते सांगायला बसले आहे.

मी चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले. वर्गात मुलगी एकटीच. बाबा शाळामास्तर होते; पोरीनं शिकावं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण शिकून ती घराच्या पुढच्या खोलीत टीव्हीचे गेम बनवेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "बनवणं" हा शब्द मी जरा ताठ मानेनं वापरते. दिल्लीहून नागपूरमार्गे बोर्ड यायचे, प्लॅस्टिकच्या पेट्या वेगळ्या यायच्या, रिमोट वेगळे. ते जोडायचे, तपासायचे, आपलं नाव चिकटवायचं. आमची खरी कारागिरी एकच होती: आमच्या भागातल्या लाइनीत तो सेट जगला पाहिजे. इथली वीज कधी जीव गेल्यासारखी यायची, तर कधी बल्ब फुटेल अशी. मी आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर घालायचे. एटापल्लीचे एक दुकानदार तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही आणि गेम दोन्ही चालवायचे. सेट बिघडला की बसच्या टपावर घालून आणायचे आणि दवाखान्यात विचारावं तसं विचारायचे, "वाचन ना हा, बाई?"

पांडुभाऊ आले ते दुकानाची पाटी रंगवायला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथे नाटकं होतात. त्या नाटकांचे पडदे पांडुभाऊ रंगवत. राजवाडा, जंगल, तुरुंग, सगळं त्यांच्या हातचं. गावतळ्यात मासे धरणाऱ्या घरातला माणूस, पण हातात जाळ्यापेक्षा कुंचलाच जास्त. पाटी रंगवता रंगवता ते माझ्या टीव्हीवरची मोटारींची शर्यत बघत राहिले.

"बाई, एवढ्या लांबून मोटारी आणून राह्यले," ते म्हणाले, "इथच्या बैलाईले काय धाड भरली?"

मी हसले. मग हसू थांबलं आणि डोकं चालू झालं.

गेममधलं चित्र म्हणजे नुसते ठिपके असतात. चौकटीच्या कागदावर रांगोळीसारखे भरायचे. हे ठिपके एका चिपमध्ये साठवलेले असतात, आणि गेम कसा चालायचा ते दुसऱ्या चिपमध्ये. आम्ही वापरायचो त्या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. खिडकीवर विशिष्ट निळ्या दिव्याचा उजेड धरला की आतलं सगळं पुसलं जातं, मग नवं भरता येतं. भरून झालं की खिडकीवर काळी चिकटपट्टी लावायची, नाहीतर साध्या उन्हानंही आतलं विरून जातं. नागपूरच्या एका कारागिराकडे बसून हे मी शिकून आले. मोटारीच्या जागी शंकरपटाचा छकडा बसवायचा, एवढंच काम होतं. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, आणि वर उभा राहून जोडी हाकणारा तो धुरकरी.

पांडुभाऊंना मी चौकटीचा कागद दिला आणि सांगितलं, चित्राच्या एका तुकड्यात रंग तीनच. ते भडकले. "तीन रंगात मी बैलाचं शिंगबी नाई काढत!" दुसऱ्या दिवशी बैल काढून घेऊन आले. पाठमोरे, वशिंड डुलणारे, शेपटी उडालेली. मी ते चिपमध्ये भरले आणि टीव्हीवर ती जोडी पहिल्यांदा धावली तेव्हा माझे बाबा खुर्चीतून उठले होते.

एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिलं वर्षभर पांडुभाऊ आमच्याकडचा चहा घेत नसत. पोट बरं नाही म्हणायचे. माझ्या दुकानात बाबासाहेबांची तसबीर होती, आणि वर्षभर कुणाचं पोट बिघडत नसतं हे मला कळत होतं. मला राग यायचा. पण माणूस कामाला असा होता की रागावून त्याला घालवणं मला परवडलं नसतं. म्हणून मी रोज चहा विचारायचे आणि ते रोज पोटाचं सांगायचे.

बैल झाले, छकडा झाला, धुरकरी राहिला होता. तेवढ्यात पावसाळा लागला.

पांडुभाऊंचा मुलगा गजू पंचक्रोशीतला नावाजलेला धुरकरी होता. डोक्याला लाल फडकं, डाव्या अंगाला झुकलेला, उजवा हात वर. पटाचा हंगाम संपला की बाकीचं वर्ष तो गवंडीकामाला जायचा. त्या साली भामरागडच्या पलीकडे एका पुलाच्या कामावर गेला. पुरानं रस्ते बंद झाले आणि त्याला ताप चढला. डोक्यात चढणारा मलेरिया. नदी उतरायची वाट बघत सोबतच्या माणसांनी त्याला खाटेवर धरून ठेवलं, पण नदी उतरली नाही. त्याला तिथेच पलीकडच्या काठावर अग्नी दिला. घरी निरोप आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आईबापाला तोंड बघायला मिळालं नाही. घरात त्याचा एकच फोटो होता, तोही कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड.

पांडुभाऊ बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा स्टुलावर बसले. मी सवयीनं चहा पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. पोटाचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी आत जाऊन रडले. गजूसाठी रडले की त्या चहासाठी, मला आजही सांगता यायचं नाही. मग त्यांनी पिशवीतून चौकटीचा कागद काढला. त्यावर धुरकरी होता. लाल फडकं, डाव्या अंगाला झुकलेला, उजवा हात वर.

"पाठमोराच आहे," ते म्हणाले. "मी त्याले पटात नेहमी मागूनच पाह्यला. जातानाबी मागूनच पाह्यला."

एक तुकडा राहत होता. मूळ गेममध्ये मोटार आपटली की गिरक्या घेऊन उलटते; तसा उलटलेला छकडा आणि पडलेला धुरकरी काढायचा होता. तो कागद पांडुभाऊंनी कोराच परत दिला.

"तो पडला नाई पाह्यजे, बाई."

"पांडुभाऊ, पडलाच नाही तर खेळात काय राहिलं?"

"राहो नाईतं न राहो. एकदा पडला ना? आता नाई पडत."

मी पडण्याच्या जागी उभ्या छकड्याचंच चित्र भरलं. आमचा छकडा आपटला की नुसता थांबायचा आणि पुन्हा निघायचा. एक मुख्याध्यापक कॅसेट परत घेऊन आले. "ह्यात हरताच येत नाही, मुलांना काय शिकवण मिळेल?" मी म्हटलं, सर, हरण्याची शिकवण मुलांना बाहेर फुकट मिळते, ती माझ्या दुकानात काऊन शोधता? ते कॅसेट ठेवून गेले आणि महिन्याभरात दुसरी घेऊन गेले, घरच्यासाठी.

मंडयांमध्ये आम्ही टीव्ही लावून बसायचो. आमचा पट बघायला नाटकाएवढी गर्दी. एका सरपंचांनी हट्टच धरला, "माझ्या जोडीतला डावा ढवळा हाय, कपाळावर टिळा हाय, तसा दाखव." मी टिळा घातला. मग प्रत्येक जोडीवाल्याला टिळा हवा झाला. मी आणि पांडुभाऊ दिवसभर बैलांना टिळे लावत बसायचो. बैल बदलायचे, पण धुरकरी सगळ्या कॅसेटींत एकच. ज्यांनी गजूला पटात पाहिलं होतं ते टीव्हीसमोर थबकायचे आणि मग पांडुभाऊंकडे बघायचे.

कौसल्याबाई, गजूची आई, बाजाराच्या दिवशी यायच्या. टोपली दाराशी ठेवायच्या आणि उंबऱ्याशी बसून बघायच्या. गिऱ्हाईक कुणीही खेळत असलं तरी थोड्या वेळानं त्या म्हणायच्या, "थांबवा ना जराशेक. दम घेऊ द्या त्याले." रिमोटवर थांबवायचं बटण असतं. आधी पोरं कुरकुरायची, पुढे आपणहून दाबायची. सगळं चित्र जागच्या जागी थांबायचं, गजूचा हात वर. मग कौसल्याबाई टोपली उचलून बाजारात जायच्या.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग घराघरांत केबल आलं, शहरात कॉम्प्युटर आले, दिल्लीचे बोर्ड यायचे कमी होत होत बंद झाले. आणि मोबाइल आले. ज्या पोरांनी माझ्या कॅसेटींत फुंकरा मारल्या ती आता मिशा फुटलेली पोरं बसस्टँडवर अंगठ्याएवढ्या पडद्यावर साप पळवत बसायची. मला कळलं की आता मोबाइलमध्ये शिरले नाही तर दुकानात डास मारायचे. चंद्रपूरला प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला. सोबतच्या पोरी मला आंटी म्हणायच्या. महिनाभरात त्यांची गणितं मी सोडवून देऊ लागले तेव्हा मॅडम म्हणू लागल्या. पुण्याची एक कंपनी लहान कारागिरांकडून मोबाइलचे गेम घेत असे. मी त्यांना आमचा शंकरपट दाखवला. त्यांना आवडला. तिथला निनाद नावाचा मुलगा फोनवर माझ्याशी बोलायचा. चांगला मुलगा, शब्दाशब्दाला मॅडम म्हणणारा. आपलं नागपूरच्या पलीकडचं काम पुण्याला चाललं म्हणून मी दुकानात पेढे वाटले.

पण पडदा अंगठ्याएवढा. टीव्हीवर हातभर दिसणारी जोडी तिथे मुगाच्या दाण्याएवढी झाली. पांडुभाऊंची नजर तोवर मंदावली होती. माझं सोल्डरिंगचं भिंग डोळ्याला लावून ते कागदावर गजूला लहान करत बसायचे. आधी बोटं गेली. मग वर केलेला हात गेला. मग डाव्या अंगाचं झुकणं गेलं, तो सरळ उभी काडी झाला. मी म्हणायचे, अजून लहान करा, मावत नाही. ते पुन्हा कागद घ्यायचे. बापानं स्वतःच्या हातानं मुलाला असं घासत घासत संपवावं आणि मी समोर बसून ते करवून घ्यावं, असं ते काम होतं. शेवटी काडीही मावेना. पांडुभाऊंनी एकच चौकट भरली, लाल. डोक्याचं फडकं तेवढं.

"इतका तं इतका," ते म्हणाले. "पर हाय ना?"

"हाय, पांडुभाऊ."

मी तो लाल ठिपका छकड्यावर बसवला. धावताना तो बारीक हलायचा. ज्याला माहीत त्याला गजू दिसायचा.

पुण्याहून तपासणी होऊन आली. निनाद म्हणाला, "मॅडम, सगळं छान आहे. फक्त गाडीच्या वर एक लाल ठिपका चुकून राहिलाय, तेवढा काढून टाका."

मी म्हटलं, "तो धुरकरी आहे."

तो म्हणाला, "हो का? पण मॅडम, ते कुणाला कळणार? लोकांना वाटेल पडदाच खराब झालाय. तक्रारी येतील."

मी त्याला सगळं सांगितलं. पूर, ताप, पाठमोरा धुरकरी. तो ठिपका ठेवायचा प्रयत्न करतो म्हणाला, आणि त्यानं केलाही असेल. पण एकेका कंपनीचा मोबाइल वेगळा, पडद्याचं माप वेगळं. प्रत्येक मापासाठी चित्रं पुन्हा लहानमोठी केली गेली. त्या उलाढालीत कुठेतरी तो ठिपका गेला. गेम बाजारात आला तेव्हा छकड्यावर कुणीच नव्हतं.

पांडुभाऊंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, भिंग लावलं, आणि कितीतरी वेळ बघितलं. मी ठिपक्याचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. जाताना एकच गोष्ट मागितली. मंडईत चिपा बदलत राहाव्या लागत म्हणून आम्ही एक उघडं कार्ड वापरायचो, वर पेटी नसलेलं. ते त्यांना घरी हवं होतं. "कौसल्येले देतो," म्हणाले. चित्रांची चिप कोणती ते विचारून घेतलं. मी बोट ठेवून दाखवली. त्यानंतर ते कामाला आले नाहीत. नाटकाच्या पडद्यांच्या जागी फ्लेक्स आले होते, त्यामुळे तिथलंही काम संपलं होतं. दोन पावसाळ्यांनी ते गेले.

त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या बाजारात कौसल्याबाई आल्या. टोपलीत फडक्यात बांधलेलं कार्ड होतं. "एकदा लावा, बाई. लय दिवस झाले." माझ्याकडे एक जुना सेट आणि टीव्ही अजून चालू होता. मी फडकं सोडलं. कार्डाला हळदकुंकू लावलेलं होतं, वाळलेलं फूल अडकलेलं होतं. चित्रांच्या चिपवरची काळी पट्टी सोललेली होती आणि काचेची खिडकी लख्ख पुसलेली होती.

"ही पट्टी?"

"मीच काढली. हे सांगत होते, गजू याच खिडकीत हाय म्हून. अंधारात कायले ठेवाचं त्याले? तुळशीपाशी ठेवते रोज सकाळी. ऊन लागते."

मी कार्ड लावलं. खेळ कसा चालायचा ती चिप पट्टीआड शाबूत होती, म्हणून गाणं नेहमीसारखं सुरू झालं. पडद्यावर नुसत्या भरलेल्या चौकटी आल्या. छकड्याच्या जागी एक चौकट डावी-उजवीकडे पळत होती. मी फ्लॉप्यांमध्ये ठेवलेल्या प्रती केव्हाच बुरशीनं खाल्ल्या होत्या; पांडुभाऊंचे कागद वाळवीनं. विकलेल्या कॅसेटी कधीच भंगारात गेल्या होत्या. हात वर केलेला गजू जगात तेवढ्या खिडकीतच उरला होता, आणि त्याच्या आईनं त्याला रोज ऊन दाखवलं होतं.

"काय झालं, बाई?"

"चिप जुनी झाली," मी म्हटलं. "जुनी झाली की असंच होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं खोटं त्यांनी ओळखलं की खरं मानलं, मला कळलं नाही. मग कमरेच्या पिशवीतून त्यांनी शेजारणीच्या मुलाचा मोबाइल काढला. "यात हाय म्हनते पोट्टा, तुमचाच पट. लावून द्या."

मी लावून दिला. जोडी धावू लागली. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला.

"यात तो कुठी हाय?"

ठिपका असलेली माझी पहिली प्रत अजून कॉम्प्युटरमध्ये होती. ती घालून देते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्याच बोलल्या.

"छकडा तं सरका, नीट चालून राह्यला. बैलं आपल्या मनानं असे नाई धावत, बाई. हाकनारा असन. तुमच्या या काचेत मावला नसन."

मी ठिपक्याचं काही बोलले नाही. बाहेर बाजार भरला होता, त्यांची टोपली दाराशीच होती. थोडा वेळ त्या तशाच उंबऱ्याशी बसून बघत राहिल्या. मग मोबाइल माझ्यापुढे केला.

"थांबवा ना जराशेक," म्हणाल्या. "दम घेऊ द्या त्याले."

मी बटण दाबलं, आणि रिकामा छकडा थांबला.